वणीहून दारव्हा, दारव्ह्याहून वणी

गाव सोडलं त्या दिवशी मी रडले नाही, हे माझ्या मायनं अजून माफ केलेलं नाही.

शाळेसमोर काळी-पिवळी जीप उभी होती. टपावर माझी लोखंडी पेटी, गादी आणि मिलिंदची तांब्याच्या तारेची दोन बंडलं. लग्नाला तीन महिने झाले होते. वणीजवळच्या एका शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली होती. मिलिंदचं काम जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायचं, आणि कोळशाच्या गावात मोटरींना काय तोटा? त्याला आईवडील नव्हते, काकांकडे वाढलेला, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. मी तर हवेतच होते. जीपमध्ये बसून सगळ्यांना हात हलवत होते, दात काढत होते. माय खिडकीशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अवं, इतकी कायले हासून राह्यली? लोक म्हनतीन, मायबापाच्या घरी हिले पोटभर भेटत नोतं."

बाबा जीपभोवती फिरून दोरी ओढून पाहत होते. तीनदा पाहिली. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला की काका, आता जीप तुटेल. मग ते बाजूला झाले.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही जे त्या काळात गाव सोडून पुण्याला, सुरतेला, नागपूरला गेलात, आणि तुम्ही जे गावातच राहिलात आणि दर महिन्याला कुणाला ना कुणाला जीपमध्ये बसवून आलात. मी दोन्हीकडची आहे. गेले तीही मीच आणि आले तीही मीच, आणि यायच्या वेळी मी जो गोंधळ घातला तो अख्ख्या गावाला पाठ आहे. इतरांकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आधी बाबांविषयी. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले. त्यांचा हा मुलगा त्यांच्याही एक पाऊल पुढचा. मुहूर्त नाही, नवस नाही, मांजर आडवं गेलं तर हा माणूस त्याला चुचकारून जवळ बोलावणार. पण एक गोष्ट काही त्यांच्याकडून सुटली नाही. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. ऊर्मी झाली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, नात झाली, आता चालतं. बाबा म्हणाले, "तुमचं चालत असन." मी एकदा चिडून विचारलं की बाबा, ही अंधश्रद्धा नाही का? तर म्हणाले, "अंधश्रद्धा नाही, हा माहा स्वभाव हाये." 

त्यामुळे ते वणीला यायचे ते असे. पहाटे गावातून निघायचे, दारव्हा, यवतमाळ करत दुपारी पोचायचे. पिशवीत स्वतःच्या पाण्याची बाटली, फडक्यात भाकरी. उंबऱ्याच्या आत एक खुर्ची, तिच्यावर दोन तास बसायचं, नातवंडांना मांडीवर घ्यायचं आणि परतीची बस धरायची. दोन तासांच्या भेटीसाठी नऊ-दहा तास एसटीत. माय बरोबर असली की स्वयंपाकघरात यायची आणि माझ्याकडे पाठ करून चहा प्यायची. पाठ केली की नियम मोडत नसावा.

वणीत आम्ही तसे मजेत होतो, खोटं कशाला सांगू. दोन खोल्या, समोर रस्ता, रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक. वाळत घातलेली पांढरी ओढणी दुपारपर्यंत राखाडी व्हायची. शेजारी बिहारकडची एक चाची होती, तिचा नवरा खाणीत. मी शाळेत गेले की ऊर्मी तिच्याकडे, पुढे गोलू झाला तर तोही तिच्याकडे. पोरं चाचीच्या हातची लिट्टी खायची आणि तिच्याशी तिच्याच भाषेत भांडायची. गावी आम्हा मुलांना सांभाळणारं कुणी ठरलेलं नव्हतं. ज्याच्या अंगणात पडलो त्यानं पुसायचं. इथं सांभाळणारं माणूस एकच, आणि ते छठपूजेला महिनाभर गावी गेलं की माझं शाळेत लक्ष लागायचं नाही.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. रोज संध्याकाळच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि ते कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे. बोंडअळी बोंडं पोखरायची, उरलेला कापूस घेऊन गाड्या दिवसचे दिवस खरेदी केंद्रापुढे रांगेत. माझा भाऊ पुण्याला कंपनीत होता. तिथं कुणी गाव विचारलं की तो नुसतं "विदर्भ" म्हणून विषय बदलायचा, कारण जिल्ह्याचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. शाळेतल्या बाई मला म्हणायच्या, नागपूर बघा, पोरांचं भविष्य बघा. सगळं जग जिल्ह्याबाहेर तोंड करून उभं होतं, आणि नेमकं तेव्हाच मला उलटं सुचलं.

सुचलं ते ऊर्मीमुळे. चार वर्षांची होती. मायबाबा आले होते, माय तिला भरवत होती, लाडात येऊन तिनं विचारलं, "मी कोन वं तुही?" ऊर्मी म्हणाली, "बसवाली आजी." आणि खरी आजी कुठे राहते असं विचारल्यावर तिनं चाचीच्या दाराकडे बोट दाखवलं.

माय खूप हसली. बाबाही हसले. मग भांडी घासता घासता माय म्हणाली, "बरं हाये. मी बसवाली झाली. पुढच्या टायमाले तिकीट फाडून देतो तिले." आणि पदरानं नाक पुसलं. त्या दिवशी बस सुटल्यावर मी स्टँडवरच मिलिंदला म्हटलं, आपण दारव्ह्याला जाऊ.

मिलिंद हा सावकाश माणूस आहे. मी एका वाक्यात घर बदलते, त्याला स्क्रू बदलायलाही विचार लागतो. तो म्हणाला, "तिथं मोटरी जळतात का?"

"जळतात! आमच्याकडे व्होल्टेज कधी सरळ असतं का? रोज जळतात."

"पाहून येतो."

आणि खरंच पाहायला गेला. बाजाराच्या दिवशी एकटाच जाऊन आला. दिवसभर मी दाराकडे डोळे लावून. आल्यावर हातपाय धुतले, जेवला, आणि मग म्हणाला, "दोनच दुकानं हायेत. अन् दोघंही दुपारी झोपतात." माझ्यासाठी हा होकार होता. मी उडीच मारली. झोपलेला गोलू दचकून उठला.

एक घरही पाहून आला होता. एकाच ओट्यावर दोन बिऱ्हाडं, दोन वेगवेगळी दारं. त्यातलं एक आपल्याला पुरेल, म्हणाला. मी विनंती बदलीचा अर्ज भरला. दारव्ह्याजवळची शाळा मागितली. तिथून आमचं गाव जीपनं वीस मिनिटं. रोज वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना मी मनात दिवस मोजत होते. पोरं आजीच्या अंगणात पडतील, तीच पुसेल. माय कुठेही जाताना गोलूला कमरेवर घेईल. मला रात्री झोपेत हसू यायचं.

पण घरी कळवलं नाही. त्याला कारण होतं. गावात फोन एकच, किराणा दुकानात. तिथं फोन आला की दुकानदार पोरगं पाठवून माणूस बोलावणार, आणि माणूस बोलत असेपर्यंत साखर घ्यायला आलेली चार जणंही थांबणार. तुम्ही "बरं हाये" म्हटलं तरी ते दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गावात पोचतं. एकदा मी दिवाळीला यायचं नुसतं बोलले होते, जमलं नाही, आणि मायला वर्षभर लोकांनी विचारलं की सुजी येणार होती ना? म्हणून या वेळी ठरवलं, ऑर्डर हातात पडली की तीच घेऊन दारात उभं राहायचं.

आता माझी चूक सांगते. मी शिक्षिका झाले होते आणि माझं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायला लागलं होतं. आमच्या घरी वर्ष पाडव्याला सुरू होतं. सालगडी ठेवायचा तो पाडव्याला, वावर कुणाला वर्षभर मक्त्यानं कसायला द्यायचं तर तेही पाडव्याला. एकदा शब्द दिला की पुढच्या पाडव्यापर्यंत मागे फिरायचं नाही. बापाच्या हाताखाली वीस वर्षं काढलेली मी, हे साफ विसरले.

पाडव्यानंतर आठवडाभरानं बाबांचा फोन आला होता. कधी स्वतःहून फोन न करणारा माणूस. "सुजे, तुह्या मागच्या गल्लीत थे एक खोली हाये ना? तिथं कोनी राह्यते का?"

"रिकामी आहे. कायले?"

"असंच." मागे कुणीतरी खोकलं. "बरं. पोट्टे बरे?" आणि फोन ठेवला.

मला वाटलं, मागची खोली रिकामी म्हणजे चोराची भीती, म्हणून विचारलं असेल. मी मिलिंदला सांगून मागच्या दाराला नवी कडी बसवून घेतली. माझी अक्कल पाहा.

मे महिन्यात ऑर्डर आली. दारव्हा! मी ती ऑर्डर चाचीला दाखवली, भाजीवाल्याला दाखवली, गोलूला वाचून दाखवली. मिलिंदच्या हातात एक मोटर अर्धी गुंडाळलेली होती, तो म्हणाला, तू हो पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोन पोरं, एक पिशवी आणि ती ऑर्डर घेऊन मी निघाले. बाहेर अंगार होता, पण मला काही लागत नव्हतं. यवतमाळच्या स्टँडवर पोरांना उसाचा रस पाजला. समोरच्या फलाटावरून वणीची भरलेली बस सुटत होती. तिच्या टपावर कुणाचा तरी संसार बांधलेला होता. मी ऊर्मीला दाखवलंसुद्धा, म्हटलं, बघ, आपणही असंच सामान बांधून येणार.

दुपारी गावात पोचले तर दाराला कुलूप.

ओट्यावर बसले. वाटलं, वावरात असतील. तेवढ्यात शेजारची शांतामाय बाहेर आली आणि मला पाहून तिनं तोंडावर हातच ठेवला. "अवं सुजे! तू इथं कशी काय वं?"

"मायबाबा कुठी गेले?"

"कुठी म्हंजे? तुह्याच गावाले गेले. सकायच्याच जीपनं. गादी, माठ, पाटा-वरवंटा सारं घेऊन. बाप तुहा म्हने, आता नातवंडाजवय राह्यतो."

"अन् वावर?"

"वावर तं पाडव्यालेच मक्त्यानं देल्लं ना! तुले मालूम नाही?"

मला आधी राग आला. कुणी कुणाला काही सांगायचंच नाही का या घरात? मग सगळा हिशेब ध्यानात आला. ऑर्डर पिशवीत होती. जूनपासून माझी शाळा इथं, आणि ज्यांच्यासाठी मी येणार ते तिकडे, वावर एक वर्षासाठी हातातून गेलेलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्यासाठी गाव सोडलं, आणि ते तिथं पोचले तेव्हाच मी इथं येऊन बसले होते. आता त्यांनी माघारी यायचं? गाव हसेल, आणि बाबांना हसणं सोसत नाही. की मी बदली रद्द करून घ्यायची? मग पुन्हा कधी मिळणार? ऊर्मी कुलूप हलवून पाहत होती. मी त्याच ओट्यावर बसून रडले. ते शांतामायनं मायला सांगितलं, आणि मायला फार बरं वाटलं.

किराणा दुकानात गेले. साखरेची गिऱ्हाईकं होतीच. वणीला आमच्या घराशेजारच्या एसटीडीवर फोन लावला, मिलिंदला बोलावलं.

"इथं आले ते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही फरक नाही. "मागच्या खोलीत पाटा-वरवंटा उतरवून राह्यले. तू तिकडे, ते इकडे. मी कुठी येऊ?"

मग बाबांनी फोन घेतला. "सुजे! मी खोली घेतली. आता इथं माह्यं सोताचं घर हाये. तू कायले गेली तिकडे?"

"बाबा, माझी बदली झाली. दारव्ह्याले."

 इकडे दुकानदारानं तराजू तसाच हवेत धरून ठेवला होता. मग मागून मायचं हसू ऐकू आलं. इतक्या मोठ्यानं की दुकानातल्यांनीही ऐकलं. "पोट्टीनं बापाचाच गुन घेतला!" ती ओरडत होती. "दोघंही मुके!"

बाबा म्हणाले, "ये वापस. पोट्टे घेऊन ये. बसून बोलू."

दुसऱ्या दिवशी वणीला परत. आणि काय सांगू, त्या दिवशीचं जेवण! मागच्या गल्लीतली ती दहा बाय दहाची खोली, पण तिथं घरमालक बाबा होते आणि पाहुणी मी. मायनं भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली. वणीत पहिल्यांदा बाबा माझ्याशेजारी पंगतीला बसून जेवले. जेवता जेवता मी म्हटलं, मी बदली रद्द करून घेते. बाबांनी घास खाली ठेवला. "सरकारी हुकूम कोनी वापस करते का?"

"मग तुम्ही वावर कायले दिलं?" मी जरा जोरातच बोलले. "कापसाला कंटाळले म्हणून?"

"कंटाळलो बी," ते म्हणाले. हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. "तीन वर्सं अळीच वेचून राह्यलो. पन त्याच्यासाठी नाही देल्लं. वावर कुठी पळून जात नाही सुजे. पोट्टे मोठे होऊन राह्यले. तुही माय रोज विचारे, मी काय बसवालीच राहू का?"

मायनं मान खाली घातली आणि गोलूच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला.  मिलिंद पाणी प्यायला, त्यानं मिशी पुसली, आणि मग त्याच्या पद्धतीनं बोलला. "जे घर मी पाहिलं, त्याचं दुसरं बिऱ्हाड अजून रिकामं हाये. मालक विचारत होता, दोन्ही घेता का म्हणून."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "दारं किती?"

"दोन."

"चुली?"

"दोन मांडता येतात."

"माठ?"

"तुमचा तुम्ही आणलाच हाये, बाबा."

बाबांनी सगळं मनात मांडून पाहिलं. दारव्ह्याहून वावर जवळ, मक्त्यानं दिलं तरी बांधावर जाऊन पाहायला काही बंदी नाही. गावात माघारी जायचं नाही, म्हणजे कुणी हसणार नाही. आणि घर स्वतःचं. "चालते," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. मी मायला मिठीच मारली, खरकट्या हातानं.

निघताना मात्र वाईट वाटलं. चाची ऊर्मीला सोडेना आणि ऊर्मी तिला. चाचीनं डब्यात सत्तू, म्हणजे भाजल्या चण्याचं पीठ, भरून दिलं, कसं कालवायचं ते मायला तीनदा समजावलं, आणि माय न समजलेल्या हिंदीला मान हलवत राहिली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. नऊ दिवस राहिलेल्या खोलीसाठीसुद्धा माय रडली. टेम्पोवर बाबा दोरी ओढून पाहत होते, आणि मी समोर ड्रायव्हरशेजारी बसून गोलूला सांगत होते की बघ, आता हे गाव, मग ते गाव, मग आपलं.

आता दारव्ह्याला तीन वर्षं झाली. मिलिंदचं दुकान दुपारी उघडं असतं म्हणून चालतं. बाबांच्या वावरात पुढच्या पाडव्यापासून त्यांनी सोयाबीन घेतलं, थोडी कपाशीही ठेवली. ती सोडवत नाही त्यांच्याकडून. सकाळी जीपनं जातात, संध्याकाळी येतात. चाची दोनदा येऊन गेली, आणि माय आता सत्तू खाते, पाठ न करता. पुण्याहून भाऊ येतो तेव्हा म्हणतो, तुमचं बरं आहे. मी त्याला म्हणते, तूही ये, आणि तो हसून विषय बदलतो. प्रत्येकाला येता येत नाही हे मलाही कळतं. माझी गाठ मोटरी गुंडाळणाऱ्याशी पडली आणि बदली मिळाली, एवढंच.

बाबा अजून माझ्या घरी पाणी पीत नाहीत. पण ऊर्मी माझ्याकडची भाजी वाटीत घेऊन ओट्यावरून पलीकडे जाते. ती वाटी त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेली की त्यांच्या घरचं अन्न होते. त्यांनी नीट विचार केला आहे, नियम मोडत नाही म्हणाले.

ऊर्मीचं एक सांगायचं राहिलं. ती आमच्या दारातून निघताना ओरडते, "आई, मी घरी चालली!" आणि पलीकडे जाते. तासाभरानं पलीकडच्या दारातून तिचाच आवाज येतो, "आजी, मी घरी चालली!" आणि इकडे येते. मी शिक्षिका, मला राहवत नाही. मी तिला धरून समजावत होते की हे बघ, एक आजीचं घर आहे आणि एक आपलं, दोन्हीला घर म्हटलं तर कळणार कसं कुठे गेलीस ते? पलीकडे ओट्यावर बाबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. दोन दारं, दोन चुली, दोन माठ मोजून घेतलेला तो माणूस. त्यांनी मान वर न करताच म्हटलं,

"कायले चूक काढून राह्यली तिची? बराबर बोलते थे."